आठ वाजताचं बदक

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात त्यांना सगळे ‘आठवाजे’ म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी मीटरचं रीडिंग ठोक्याला आठ वाजता घेतलं होतं आणि त्यांची एकही नोंद आजवर कुणी खोडली नव्हती. म्हणून पक्षीगणनेच्या बाईंनी पंपघरामागच्या तलावाच्या यादीतल्या त्यांच्या ‘शेंडी बदक, नर, एक’ या नोंदीवर रेघ मारून शेजारी ‘अनोळखी’ लिहिलं, तेव्हा आठवाजेंनी चहा बाजूला ठेवून त्यांना फोन लावला.

“काका, नऊ फोटो पाठवलेत तुम्ही. एकातही शेंडी नाही,” बाई फोनवर म्हणाल्या. “शेंडीशिवाय ते नाव मी कसं लिहू? रविवारी यादी बंद होतेय.”

“अहो, पाठ काळी, कुशी पांढऱ्या, डोळा पिवळाधमक. पहिल्या दिवशी शेंडीसुद्धा पाहिलीय मी.”

“पाहिली असेल. फोटोत नाही ना.”

पंपघरातला फिटर कान लावून बसलाच होता. “काका, बदक तुमच्या वळणावर गेलंय. टक्कल पडलं असेल त्याला.”

आठवाजेंच्या डोक्यावर मागच्या बाजूला मोजून बारा केस होते. घरी जेवताना ते ताटाकडे बघत बसले, तशी बायकोने खोदून खोदून सगळं विचारून घेतलं.

“फोटो कधी काढता?”

“आठला. रीडिंग झालं की लगेच.”

“आणि तेव्हा ते काय करत असतं?”

“खात असतं. बुडी मारायची, तळाच्या गोगलगायी गिळायच्या, वीसेक सेकंदांनी वर यायचं, परत बुडी.”

“म्हणजे डोकं ओलं,” बायको म्हणाली. “तुम्ही अंघोळ करून येता, तेव्हा तुमचे ते बारा केस तरी कुठे दिसतात मला?”

आठवाजेंनी घास तसाच हातात धरला. मग उठून आरशासमोर गेले, केसांवर पाणी लावून पाहिलं आणि परत येऊन दुसरी पोळी मागितली.

रविवारी सुट्टी असूनही ते बाईंना घेऊन तलावाच्या काठावर बसले. दहापर्यंत बदकाच्या बुड्या चालल्या. मग ते भिंतीच्या आडोशाला आलं, चोचीने एकेक पीस विंचरलं, चोच पाठीत खुपसून झोपलं. अधूनमधून एक पिवळा डोळा उघडायचं, पाहुणे अजून गेले नाहीत याची खात्री करायचं आणि मिटायचं. हळूहळू मानेमागे काहीतरी काळं वर येऊ लागलं.

बाई कॅमेरा घेऊन पुढे सरकल्या. पायाखालचा दगड घरंगळला आणि बदकाने बुडी मारली.

वर आलं ते चकचकीत, गुळगुळीत डोकं घेऊन.

“आता?” बाई हळूच म्हणाल्या.

“आता वाळू दे,” आठवाजे म्हणाले.

दोघं पाऊण तास हलले नाहीत. आठवाजेंच्या पायांना मुंग्या आल्या, बाईंना शिंक आली, ती त्यांनी ओढणीत दाबली. शेवटी वारा सुटला आणि बदकाची शेंडी मागच्या मागे उडाली, झोपेतून उठलेल्या माणसाच्या केसांसारखी. कॅमेरा चार वेळा वाजला.

“बारा वाजताची नोंद करू?” बाईंनी वही काढली.

“बारा सतरा.”

बाईंनी ‘अनोळखी’वर पेन टेकवलं, तेवढ्यात आठवाजेंनी त्यांना थांबवलं आणि खिशातून पट्टी काढून दिली.

“रेघ जरा सरळ मारा.”