पाय धुण्याचा गुरुवार
वाळत घातलेल्या मोहफुलांचा गोड, आंबूस वास आला की मला सानगडीतल्या सिस्टरबाईंचं अंगण आठवतं. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या बाई गावात एकट्याच ख्रिस्ती. त्यांना बिनविरोध सरपंच करायचं ठरवून आम्ही चौघं हार घेऊन गेलो. तो नेमका ईस्टरआधीचा गुरुवार होता. येशूनं शिष्यांचे पाय धुतले तो दिवस. बाईंनी आम्हाला खाटेवर बसवलं, परातीत पाणी आणलं आणि आमचे धुळीचे पाय धुवायला घेतले. "सरपंच मी होत नाही," त्या म्हणाल्या, "गावाले हुकूम करणारा पाह्यजेच कायले?" बरोबरच्या म्हाताऱ्या पाटलांनी दचकून पाय ओढले. "बाई, मंग तं अराजक होईन!" बाई हसल्या. "नळ फुटला तं सारे मिळून जोडू ना! लोक राजा करायले आले तवा माहा येशू डोंगरावर पळाला. मले डोंगर चढवत नाही, म्हणून तुमचे पाय धुऊन राहिली." हार तसाच परत आला आणि शेवटी माझ्याच गळ्यात पडला. आज पंचायतीत कोणी माझ्या पाया पडायला वाकलं, की माझे पाय आपोआप खुर्चीखाली सरकतात.