अंधाराच्या खोलीतली पिवळी कोर

गल्लीत तिच्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिच्या डाव्या डोळ्यामुळे. सकाळी साडेआठला ती घराबाहेर पडायची, कोपऱ्यावर आली की डावा डोळा घट्ट मिटून घ्यायची आणि उरलेला रस्ता एका डोळ्याने चालायची. कधी पडली नाही, कधी खांबाला धडकली नाही. आठवड्याभरात गल्लीने तिचं नाव मिटडोळी ठेवलं, आणि ते तिला चिकटलं ते चिकटलंच.

डोळ्यात बिघाड काही नव्हता. औषधं बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिच्याकडे अंधाराची खोली होती. उन्हातून एकदम आत गेलं की माणूस पाच-दहा मिनिटं आंधळा होतो, म्हणून एक डोळा आधीपासून अंधारासाठी राखून ठेवायचा. ही युक्ती तिच्या नवऱ्याची. सोळा वर्षं त्याने ती खोली सांभाळली. तो गेला आणि दोन महिन्यांत खोलीची किल्ली, त्याचा करडा डगला आणि उंच स्टूल तिच्या वाट्याला आलं. डगल्याच्या बाह्या तिने दुमडून घेतल्या, कापल्या नाहीत.

त्या खोलीत काचेच्या बशांमधून एक बुरशी वाढवायची. अंधारात ती कापसासारखी पांढरी वाढे आणि तिच्या अंगावर बिनरंगाचे बारीक थेंब धरत. औषधाला लागणारं द्रव्य त्या थेंबांत असायचं. उजेड लागला की हीच बुरशी पिवळीधमक होई, आणि ते द्रव्य औषधालासुद्धा सापडत नसे. नवरा जेवता जेवता सांगायचा, "अगं, बशी तीच, खाद्य तेच. पण उजेड दिसला की ही बया चुलीवरचं भांडंच बदलते." लाल उजेड मात्र तिला दिसत नाही. म्हणून खोलीत एकच लाल दिवा होता आणि त्याचं बटण दाराबाहेर.

दहा महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका सोमवारी बशा पिवळ्या निघाल्या.

तिने दाराच्या फटींना काळा कागद चिकटवला. पुढची खेपही पिवळी. कुलपाच्या भोकात लोकर कोंबली, उंबऱ्याशी घोंगडी अंथरली. तिसरी खेपही पिवळीच. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. त्या कधी आवाज चढवत नसत, आणि त्याचीच भीती जास्त वाटे.

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडेच, बाई."

"मग उजेड कोण नेतं आत?"

तिने कागद, लोकर, घोंगडी, सगळं सांगितलं.

"अजून एक खेप बघते," मोठ्या बाई म्हणाल्या. "तीही बिघडली तर खोली दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. तुम्हाला दुसरं काम देईन, पण खोली नाही."

बाहेर बाटल्या धुणारी काचवाली कान देऊन उभीच होती. "तुझा नवराच येऊन दिवा लावत असणार बघ," ती म्हणाली. "घरात कधी हात लावला होता का बटणाला? आता हौस आलीय!"

मिटडोळी हसली. पण तो विनोद तिच्या मनात घर करून राहिला. घरी नणंदेला सांगितलं तर ती विनोद न करता तेच म्हणाली. "वहिनी, दादाला ती खोली सोडवत नसेल."

"काहीतरीच काय, वन्सं!" ती म्हणाली खरी. पण दुसऱ्या दिवसापासून दार उघडल्यावर ती हळूच विचारू लागली, "आलात का?" स्टुलावर बसायचं तिने सोडून दिलं. बशा हलवताना पाठीमागे कुणीतरी श्वास रोखून उभं आहे असं वाटे, आणि मान वळवायचा धीर होत नसे. भीती वाटत होती, पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. खोली गेली तर हेही गेले. यायचं झालं तर ते येणार कुठे?

चौथ्या खेपेला पाचव्या दिवशी तिने लाल दिव्याखाली बशी डोळ्यांजवळ धरली. लाल उजेडात पिवळं कळत नाही, पण एका कडेला बुरशी चंद्राच्या कोरीसारखी दाट झालेली दिसत होती. दुसरी बशी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्या कोरी एकाच बाजूला तोंड करून होत्या, दारावरून जाताना माणसं एकाच घराकडे बघतात तशा. ती बाजू दाराची नव्हती. ती आतल्या कोपऱ्याची होती.

तिने काचवालीला हाक मारली. "मी आत बसते. तू बाहेरून दिवा बंद कर, आणि अर्ध्या तासाने लाव."

"एकटी? काळोखात? डोकं फिरलंय का तुझं?"

"लाव म्हटल्यावर लाव गं."

बटण खटकलं. ती त्याच्या स्टुलावर बसली आणि कोपऱ्याकडे तोंड केलं. "आलात का?" तिने विचारलं. बराच वेळ काहीच नाही. मग समोर, तिच्या कपाळाच्या उंचीवर, काहीतरी उजळलं. फिकट, निळसर. आधी एक ठिपका, मग बारा ठिपक्यांचं कडं, आणि कड्यात दोन बारीक रेघा. ती उठली नाही. "अहो," ती म्हणाली, आणि मग तिला टिकटिक ऐकू आली.

सव्वाअकरा झाले होते.

त्याचं मनगटी घड्याळ होतं ते, उन्हात उजेड पिऊन अंधारात चमकणाऱ्या रेडियमच्या काट्यांचं. त्यांच्या खोलीत त्यांचं काहीतरी असावं म्हणून वर्षश्राद्धानंतर तिनेच ते फळीवर ठेवलं होतं. रोज सकाळी व्हरांड्यातल्या उन्हात नेऊन ती त्याला चावी देई, वेळ लावी आणि पुन्हा आत आणून ठेवी. लाल दिव्यात त्याची चमक कधी दिसली नव्हती. दिवा बंद व्हायचा तेव्हा ती बाहेर असायची.

आणि मग तिला दाराबाहेरचा खिळा आठवला. चौकटीत, खांद्याच्या उंचीवर, एकच खिळा. वर्षभर ती विचार करत होती की हे त्याला काय अडकवत असतील. छत्री म्हणावी तर खिळा फार बारीक होता.

दिवा लागल्यावर ती घड्याळ मुठीत धरून बाहेर आली. काचवालीने विचारलं, "दिसला का?" ती म्हणाली, "नाही." आणि तशीच मोठ्या बाईंकडे गेली. दोष फटीवर, कुलपावर ढकलता आला असता. तिने घड्याळ टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. "आलात का" तेवढं सांगितलं नाही.

मोठ्या बाईंनी घड्याळावर तळहाताची सावली धरून पाहिलं. मग विचारलं, "ते कुठे ठेवायचे हे?"

"बाहेर. खिळ्याला."

"बशा आणा. कोरी कापून टाका, उरलेलं चाचणीला द्या."

कोपऱ्याकडे पाठ असलेल्या पांढऱ्या भागात द्रव्य जवळजवळ पूर्ण भरलं. नोंदवहीत त्या खेपेपुढे मोठ्या बाईंनी "अर्धी चांगली" असं लिहिलं, आणि खोलीची किल्ली मागितली नाही. पुढच्या सगळ्या बशा पांढऱ्या निघाल्या. नणंद विचारी, "वहिनी, दादा?" ती म्हणे, "बशा चांगल्या येताहेत, वन्सं." खोलीत आता पाठीमागे कुणी उभं नसे. तिने मान वळवून पाहिलं होतं, बऱ्याचदा.

याला नऊ वर्षं झाली. ती अजून साडेआठला निघते, कोपऱ्यावर डावा डोळा मिटते. खोलीशी पोचली की घड्याळाला चावी देते, ते बाहेरच्या खिळ्याला अडकवते आणि आत जाऊन स्टुलावर बसते.