नाकारलेलं रजिस्टर पत्र

आधी माफी मागतो. आमच्या घरातलं पहिलं पोस्टकार्ड मी लिहिलं, आणि ते वडिलांना वाचून दाखवायला शेजारगावचे मास्तर लागले. अशा घरातल्या माणसानं आठवणी लिहाव्यात का, याची मला अजून खात्री नाही. तरी एवढी एक सांगावीशी वाटते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीत एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमची वाडी कवठे महांकाळकडची, मेंढपाळांची. दिवाळी झाली की आईवडील मेंढरं घेऊन कोयनेच्या बाजूला जात. मागं म्हातारी माणसं राहत, त्यांत माझे थोरले चुलते.

कॉलेजात संगणकाची एक खोली होती. चपला दाराबाहेर काढून आत जायचं. तिथं मी जमिनीखालच्या पाण्याचं गणित करायचो. शिवाराचे चौकोन पाडायचे आणि शेजारच्या चौकोनांवरून प्रत्येकातली पाण्याची पातळी काढायची. एका उत्तराला अख्खी दुपार जाई. आमच्या विहिरी कधी तळ गाठतात ते पडद्यावरच्या आकड्यांत पहिल्यांदा दिसलं, त्या दिवशी मेसचं जेवणही गोड लागलं.

माझं हे काम बघणाऱ्या विभागातल्या सरांनी पुण्यातल्या एका संस्थेच्या फेलोशिपचा अर्ज भरायला लावला. संगणकीय विज्ञानात पीएच.डी. करायची, वर विद्यावेतन. ती मिळाली नाही तर शिक्षण थांबणार, हे मला ठाऊक होतं. मुलाखतीत एकांनी विचारलं, तुझं उत्तर बरोबर कशावरून? मी चाचरत म्हणालो की वाडीतल्या सगळ्या विहिरी मी स्वतः दोर सोडून मोजल्यात. कुणी हसलं नाही.

अर्जात कायमचा पत्ता म्हणून मी वाडी लिहिली होती.

दीड महिना काही कळेना. शेवटी वाडीवर गेलो. चुलते मोठ्या खुशीत सांगू लागले की सरकारी शिक्क्याचं रजिस्टर पत्र आलं होतं, ते त्यांनी पोस्टमनला तसंच परत दिलं. आमच्याकडं असं पत्र म्हणजे चराईच्या दंडाची नोटीस. ती हातात घेतली नाही की लागू होत नाही, असा आमच्या माणसांचा पिढ्यांचा समज.

"आवं तात्या, नाव कुणाचं हुतं त्यावर?"

"तुझंच की. म्हणून तर घेतलं न्हाई. शिकल्यालं पोरगं, त्याला कशाला कोर्टात वडायचं?"

पोस्टात चौकशी केली. 'घेणाऱ्याने नाकारले' असा शेरा मारून पाकीट केव्हाच परत गेलं होतं. म्हणजे मीच फेलोशिप नाकारली, असं पुण्यात वाटलं असणार. यादीत माझ्यामागं दुसरे होतेच.

सरांना सांगितलं. ते हसू आवरत म्हणाले की असा राखणदार आपल्या विभागालाही हवा. मग लगेच संस्थेला पत्र लिहायला बसले. मी म्हणालो, मेंढरांचं नको, नुसता पत्ता चुकला असं लिहूया.

"लाज कसली?" सर म्हणाले. "कुठून आलास ते कळू दे त्यांना."

त्यांनी सगळं खरं तेच लिहिलं.

वाट बघत बसवेना, म्हणून मी वडिलांकडं गेलो. पाटणच्या पुढं, कोयनानगरच्या वाटेवर एका शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती. मी घडलेलं सांगितलं. तात्यांना, म्हणजे आपल्या थोरल्या भावाला, त्यांनी बोल लावला नाही. कोकराच्या खुरातला काटा काढत राहिले, मग म्हणाले, "पण त्यांनी तुला निवडलं हुतं, व्हय?"

मी हो म्हणालो. त्यांनी शेतमालकाला थांबवून सांगितलं, माझ्या पोराला पुण्याला निवडलंय. पुढं काय होणार ते अजून ठरायचं होतं, पण त्यांना तेवढं पुरलं. दुपारपर्यंत वाटेवरच्या तिघाचौघांना ते सांगून झालं. मला संकोच वाटत होता, आणि ऐकत राहावंसंही वाटत होतं.

पाचव्या दिवशी नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून सरांना फोन लावला. वडील काचेबाहेर काठीवर हनुवटी टेकून उभे होते. सरांनी आलेलं पत्र सावकाश वाचून दाखवलं. माझा नकार संस्थेनं नोंदवला नव्हता, जागा राखून ठेवली होती, आणि जुलैत रुजू व्हायला कळवलं होतं. फोन ठेवून मी बाहेर आलो आणि वडिलांना सांगितलं की फेलोशिप मिळाली.