पाच वाजेपर्यंतची भूक

उपवास म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझी आई नाशिकची. कतारमध्ये, दोह्याला येऊन दहा वर्षं झाली तरी तिने एकही एकादशी, चतुर्थी चुकवली नव्हती, आणि तिच्या मागोमाग मीही शाळकरी वयापासून उपवास करत आले होते. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याचे लाडू, वर केळ्याचं शिकरण. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण आमच्याच स्वयंपाकघरात डोकावून कुणीतरी रचली असावी.

त्यामुळे अकरावीत असताना आमच्या समाजसेवेच्या मिसनी सांगितलं की रमजानमध्ये एका संध्याकाळी मुलींनी इफ्तारच्या तंबूत जेवण वाटायला जायचंय, तेव्हा माझा हात सगळ्यात आधी वर गेला. तंबू सनैयात होता. इंडस्ट्रियल एरियाला तिकडे सगळे सनैयाच म्हणतात. तिथल्या एका कंपनीने कित्येक महिने पगार दिले नव्हते, मग मेसही बंद केली होती, आणि तिथल्या कामगारांना सध्या दिवसातून एकदा, त्या तंबूतच, पोटभर मिळत होतं. मिस हे अगदी शांतपणे सांगत होत्या. मी मात्र उभी राहून म्हणाले, "मिस, त्या दिवशी मी रोजा ठेवून येणार. स्वतः उपाशी राहिल्याशिवाय भूक कशी कळणार?"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मला इतकं छान वाटलं की मी सरावसुद्धा सुरू केला. दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत डबा उघडून बसले. माझी हैदराबादची मैत्रीण, जिचे रोजे नेमाने चालू होते, माझ्याकडे बघतच राहिली.

"तेरा रोजा है ना?"

"हाँ."

"फिर मुँह में क्या है?"

"साबुदाना. ये चलता है."

ती बाकावर आडवी झाली. हसून हसून तिला उचकी लागली. "अरे अम्मा! पानी बी नक्को पीना, पानी बी!"

पाणीसुद्धा नाही? त्या वर्षी रमजान थंडीत आला होता, तरी पहाटेपासून पाचच्या अजानपर्यंत? आता माघार घ्यायची सोय उरली नव्हती. घरी हे सांगितल्यावर बाबांच्या नाकातून चहा बाहेर आला. "अगं, तुला अकरा वाजता भूक लागते, त्यावर मी घड्याळ लावतो. तू पाच वाजेपर्यंत टिकलीस ना, तर मी मिशी काढतो." बाबांची मिशी म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू. पासपोर्टवर होती, लग्नाच्या फोटोत होती. मी ताबडतोब हातावर हात मारला.

त्या दिवशी आईने पहाटे चार वाजता थालीपीठ लावलं. बाबा मुद्दाम उठून बसले होते, मी दात घासताना पाणी गिळत नाही ना ते पाहायला. दहापर्यंत मी राणी होते. अकराला पोटाने आवाज दिला. बारा वाजता मला फळ्यावरच्या वर्तुळांत पुऱ्या दिसायला लागल्या. एकच्या सुमाराला मात्र एक विचित्र गोष्ट झाली. भूक गेली आणि तिच्या जागी हसू आलं.

बसमध्ये तर कहर झाला. माझं बघून आणखी दोघींनी रोजा ठेवला होता, आणि आम्ही तिघी कशालाही हसत होतो. ड्रायव्हर शिंकला, हसलो. अल हिलालच्या सिग्नलला शेजारच्या गाडीत एक आजोबा डुलक्या घेत होते, त्यांना बघून हसलो. मग कुणीतरी "वडापाव" एवढाच शब्द उच्चारला आणि आम्ही एकमेकींच्या अंगावर पडलो. हैदराबादची मैत्रीण खिडकीशी गंभीरपणे बसली होती. "पहले रोजे में सब पागल होते," ती मिसना म्हणाली. डोकं फुग्यासारखं हलकं झालं होतं आणि मी इतकी आनंदात होते की त्या आनंदात मी काहीही केलं असतं. केलंही.

तंबू लांबलचक होता. जमिनीवर प्लास्टिकच्या पट्ट्या अंथरल्या होत्या, थोड्या थोड्या अंतरावर खजुराच्या ताटल्या होत्या, आणि दोन्ही बाजूंना शेकडो माणसं मांडी घालून बसली होती. आम्ही प्रत्येकासमोर एक गरम पॅकेट ठेवायचं. बिर्याणीचं पॅकेट. माझ्या हातातून एकामागून एक पॅकेट जात होतं, आणि प्रत्येकातून तो वास येत होता. तळलेला कांदा, तूप, जायफळ. खोक्यांचा ढीग छताला लागेल एवढा होता. ह्यातलं एक गेलं तर कुणाला कळणार? मिसनी आम्हाला सांगितलं होतं, तुमचं जेवण बसमध्ये ठेवलंय, अजान झाली की लगेच मिळेल. ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी वाकले आणि एक पॅकेट माझ्या दप्तरामागे सारलं. फार चपळाईने. मला त्याचंही हसू आलं.

अजानला तीन-चार मिनिटं असताना शेवटच्या रांगेतला शेवटचा माणूस उरला, आणि पॅकेटं संपली.

मिसनी पुन्हा सगळी खोकी उलटी करून पाहिली. ड्रायव्हर बसकडे धावला. तो माणूस पन्नाशीचा, बारीक, दाढी पांढरी. हात हलवून म्हणाला, "रहने दीजिए मैडम, खजूर है ना." शेजारच्याने आपलं पॅकेट उघडून दोघांच्या मधे ठेवलं.

माझं हसू कुठे गेलं कोण जाणे. मी गेले, दप्तर बाजूला केलं, पॅकेट उचललं आणि त्या सबंध रांगेसमोरून चालत येऊन त्याच्यासमोर ठेवलं. "ये मैंने रखा था," मी म्हणाले. "अपने लिए."

मिस माझ्याकडे बघत होत्या. मला तिथल्या तिथे गाडून घ्यावंसं वाटलं.

त्याने पॅकेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "रोजे से हो?"

"हाँ. पहला."

"हम तो पहले रोजे में मटके में मुँह डाल के पानी पिए थे," तो म्हणाला. "ऊपर देखा तो अब्बा खड़े!"

आणि तो हसला. पुढचे दोन दात नव्हते. मग त्याचा शेजारी हसला, मग सगळी रांग, आणि शेवटी मीही. रडत रडत हसत होते. त्याने खजुराची ताटली माझ्याकडे सरकवली. "यहीं खड़ी रहो. अजान साथ में सुनेंगे." मग काहीतरी आठवल्यासारखं म्हणाला, "ये महीना अच्छा है बिटिया. इसमें पाँच बजे का पक्का रहता है."

अजान झाली. तो खजूर मी आयुष्यभर विसरणार नाही असं लिहायचा मोह होतो, पण खरं सांगायचं तर मला त्याची चव आठवतच नाही. त्याचं ते वाक्य तेवढं आठवतं.

घरी पोचले तर बाबा आरशासमोर तयारच उभे. मी काही बोलायच्या आत त्यांनी वस्तरा फिरवला. आईने किंचाळून तोंडावर पदर घेतला. पुढे महिनाभर त्यांचा तो गुळगुळीत ओठ समोर दिसला की माझीच मान खाली जायची.

दुसऱ्या दिवशी मिसनी वर्गात विचारलं, काय शिकलात? मुलींनी कृतज्ञता वगैरे सांगितलं. मी उभी राहिले. "मिस, मी चोरी केली. पाच वाजता मला जेवण मिळणार हे मला माहीत होतं. घरी फ्रिज भरलेला होता. तरी एका दिवसात मी त्यांचंच अन्न चोरलं. आणि त्यांना ईदनंतर काय मिळेल तेच माहीत नाही, तरी ते रहने दीजिए म्हणाले."

वर्ग खुदखुदला. मिसनी विचारलं, "मग ईदनंतर काय?"

ह्याचा आम्ही कुणीच विचार केला नव्हता. पण एकदा केल्यावर आम्हाला पुन्हा पंख फुटले. प्रत्येक घरातून चार माणसांचा डबा निघायचा असं ठरलं. ईदनंतर आमची बस दोनदा सनैयाला गेली. पराठे, लेमन राइस, आईचा मसालेभात, आणि वाटेत तसंच खिदळणं. तंबू उतरवला होता, तरी माणसं त्याच मैदानात बसली होती. त्या पांढऱ्या दाढीवाल्याने मला लांबूनच ओळखलं आणि ओरडून विचारलं, "आज कितने छुपाए?"

"अगले हफ्ते, पाँच बजे," निघताना मी त्याला सांगितलं.

"पक्का?"

"पक्का!"

पुढच्या आठवड्यात आमच्या सहामाही परीक्षा आल्या. मग थंडीची सुट्टी लागली, आणि सुट्टीनंतर बस दुसऱ्या कार्यक्रमाला गेली. आम्ही येणार नाही, हे त्यांना कळवायचं राहूनच गेलं.