दिल्लीला जाऊन पुरणपोळी खाल्ली

दिल्ली पाहिली का, असं कोणी विचारलं की मी विषय बदलते. पाहिली म्हणायला पाहिली. लाल किल्ला बाहेरून, राजघाट आतून, आणि लेकीच्या मामेसासऱ्यांचा दिवाणखाना तर इतका, की पडद्यावरची फुलं आजही काढून दाखवीन.

आमच्या धरमपेठेतल्या ज्येष्ठांच्या मंडळानं सहल काढली होती. नागपूरहून रेल्वेनं जायचं, दोन दिवस फिरायचं, की परत. मला किल्ल्याबिल्ल्याचं काही नव्हतं. मला जवानांच्या स्मारकाशी जायचं होतं. लढाईत गेलेल्यांची नावं तिथं भिंतीवर दगडात कोरली आहेत, त्यात माझ्या दादाचं आहे. मी चौथीत असताना माहेरी, खाप्याला, आमच्या घरी तार आली. दादा आला नाही, त्याची राख आली नाही, फक्त ट्रंक आली. आई दर दिवाळीला त्या ट्रंकेपुढं ताट वाढायची. आता आईही नाही. म्हटलं, आपण तरी एकदा त्याच्या नावावरून हात फिरवून यावं. बस, एवढंच.

चूक आमच्या ह्यांची. निघण्याआधी ह्यांनी विहीणबाईंना हौसेनं फोन केला, आम्ही दिल्लीला चाललो म्हणून. विहीणबाईंचे सख्खे भाऊ दिल्लीत राहतात. मुलीकडच्यांनी हे सांगायचं आणि तिथं न जेवता परत यायचं, म्हणजे लेकीला वर्षभर ऐकावं लागणार. हे मला कळत होतं, ह्यांना फोन ठेवल्यावरही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजघाट झाला. तिथून मंडळाची बस स्मारकाकडे निघणार, आणि संध्याकाळी स्टेशन. तेवढ्यात मामेसासरे स्वतः गाडी घेऊन हजर. "तासाभरात आणून सोडतो," म्हणाले. हे पुढच्या सीटवर बसलेसुद्धा.

घरी पोचलो तर पुरणाची डाळ अजून कुकरात होती.

मी म्हटलं, नुसता चहा चालेल. मामेसासूबाईंनी कानावर हात ठेवले. "लेकीची माय पहिल्यांदा घरी आली, अन् तिले चहावर पाठवू? नागपूरले तोंड कसं दाखवू मी?" मग डाळ शिजली, पुरण वाटलं गेलं, वडाभाताचे वडे तळले गेले. मी मदतीला उठले की मला हाताला धरून बसवत. त्या माणसांना तरी काय बोल लावू? तिकडे आपल्या बोलीत बोलणारं कोणी भेटत नाही, म्हणून त्या दोघांची तोंडं थांबेनात. बर्डीच्या बाजारात आता काय आहे, मेट्रो कुठून जाते, संत्री यंदा कशी. हेही रंगात आलेले. मी डोळ्यांनी खुणावते, तर हे दुसरीकडे पाहतात.

शेवटी ह्यांना हात धुवायच्या जागी गाठलं. म्हटलं, "चला ना आता. स्मारक राहून जाईल."

"अवं, लेकीचं सासर आहे हे. ते ताट वाढून राहिले, अन् तू उठून जाशील काय?"

मामेसासऱ्यांनी ऐकलं. "स्मारक कुठं पळून चाललं, ताई? दगडाचं आहे ते."

मग मात्र मी बोलले. "माझा भाऊ आहे तिथं. त्याचं नाव आहे."

मला वाटलं, सुटले. मामेसासूबाईंनी पदरानं डोळे टिपले, मला पानावर बसवलं, वाढलेल्या ताटात आणखी एक पोळी ठेवली आणि वर तुपाची धार सोडली. "मंग तर ताई, भावाच्या नावानं ही खाच."

आता भावाच्या नावानं वाढलेली पोळी ताटात कशी टाकायची? खाल्ली. खोटं कशाला बोलू, पोळी फार सुरेख झाली होती. त्याचाही मला राग आला.

ओटी भरून निघेपर्यंत ऊन उतरलं. रस्त्यात कोणी मोठा माणूस जाणार म्हणून पोलिसांनी गाड्या अडवून ठेवलेल्या. सरळ स्टेशनच गाठावं लागलं.

गाडीत मंडळातल्या बाया फोटो दाखवत होत्या. स्मारकासमोर, गॉगल लावून, ओळीनं उभ्या. एकीनं विचारलं, "तुम्ही काहून नाही आल्या वं?" माझ्याआधी हेच बोलले, "आमचा तर शाही पाहुणचार झाला." इटारसीपर्यंत मी ह्यांच्याशी बोलले नाही. इटारसीला बोलले, तेही चहा धरा म्हणून.

नागपूरला मुलगा घ्यायला आला होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, ते नाव मोबाईलवर पण सापडते. थांब, दाखवतो."

"मोबाईलवरच पाहायचं होतं, तर दिल्लीले कायले गेली असती मी? माझं एकटीचं तिकीट काढ."

"एकटी जाते म्हणे. गुडघे पाहिले काय आपले?" हे हसले. मुलगाही हसला.

तिकीट अजून निघालेलं नाही. मुलगा आधी थंडी जाऊ दे म्हणाला, आता त्याच्या पोरीची परीक्षा होऊ दे म्हणतो. परीक्षा होईपर्यंत तिकडे ऊन तापेल, मग पाऊस येऊ दे म्हणेल. गुडघे माझे आहेत, भाऊही माझा आहे. उद्या सकाळी रिक्षा करून मीच स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीशी जाणार आहे. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.