आमचं गुणी बाळ

“सेप्सिस वाटतोय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सेप्सिस म्हणजे जंतूंची बाधा सगळ्या अंगात भिनणं. आमची मुलगी तेव्हा पाच दिवसांची होती.

मी कोल्हापुरातल्या एका शाळेत भूमिती शिकवतो. व्याख्येतला एक शब्द चुकला तरी मार्क कापणारा. “वाटतोय म्हणजे?” मी विचारलं. “व्याख्या काय त्याची?”

“मास्तर, एवढ्याशा बाळाला ताप येईलच असं नाही. उलट अंग गार पडतं. दूध सोडतं, रडत नाही. यातलं एकेक साध्या कारणानंही होतं. नेमकी रेघ कुठं मारायची, ते आम्हालाही सांगता येत नाही.”

गार अंग. दूध नाही. रडणं नाही. हे सगळं आम्ही आदल्या दिवसापासून बघत होतो, आणि त्याला ‘गुणी बाळ’ म्हणत होतो! अंग गार लागतं म्हणून आईनं शेगडीत कोळसे वाढवले होते. पाचवीच्या पूजेला जमलेल्या बायकांपुढं मी मिरवत होतो, “बापावर गेलीय. शांत!”

त्याच दुपारी माझी बायको सुमन बाळाला घेऊन बाळंतिणीच्या खोलीतून तरातरा बाहेर आली. आई दारात आडवी आली. “पूजा व्हायची हाय अजून. आज सटवाई नशीब लिवती पोरीचं.”

“लिवायला पोर शिल्लक ऱ्हायला पायजे की, आत्ती!” म्हणत सुमननं उंबरा ओलांडला. मी काय केलं? चपला शोधल्या. त्या सापडेपर्यंत ती टांग्यात बसली होती.

दवाखान्यात लगेच सलाइन, सुया सुरू झाल्या. ब्लड कल्चरला रक्त गेलं. म्हणजे त्यात जंतू वाढतात का, ते बघायचं. तिसऱ्या दिवशी कळलं, काही वाढलं नाही. मी ताडकन उठलो. “म्हणजे सेप्सिस नव्हताच! सुया थांबवा.”

“सापडला नाही म्हणजे नव्हता, असं नाही,” बाई म्हणाल्या. “दोन थेंब रक्त मिळालं होतं. सुया चालू राहतील.”

मी तोंड उघडलं. सुमन म्हणाली, “गप बसा की वो. हितं तुमचा वर्ग न्हाय.”

दवाखान्यातल्या सहाव्या दिवशी सुई टोचताच पोरीनं असा सूर लावला, की शेजारच्या खाटेवरची बाई दचकली. आई पदराआड रडली. “लिवील की सटवाई, उशिरा का होईना,” म्हणाली.

घरी जाताना मिळालेल्या कार्डावर ‘सेप्सिस’ लिहून पुढं प्रश्नचिन्ह होतं. ते अजून आहे. कुणी शहाणा विचारतो, खरंच होता का? असेल, नसेल. मी सिद्ध करत बसणार नाही. तुमचं तान्हं एकाएकी गुणी झालं, दूध सोडलं, तर आजाराच्या नावासाठी थांबू नका. मुहूर्तासाठी तर नाहीच. उचला आणि दवाखाना गाठा. लोक हसले तर हसू देत.

ती आता नववीत, माझ्याच वर्गात आहे. परवा व्याख्या चुकली, मी अर्धा मार्क कापला, तर तिनं वर्ग डोक्यावर घेतला. मी खडू खाली ठेवला आणि ऐकत बसलो.