बांध सोडून घातलेलं कुंपण

बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीकडे उतरत जाणाऱ्या जमिनीत माझ्या आत्याची भाजीची वाडी होती. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. वांगी, मुळा, पालक लावायचा आणि स्टेशनजवळच्या बाजारात नेऊन विकायचा, यावर तिचं चाललेलं. आसपासच्या सगळ्या विहिरी मचूळ. गोडं पाणी फक्त आत्याच्या विहिरीला. ती विहीर वाडीच्या अगदी पश्चिम कडेला, बांधाला चिकटून होती. विहीर होती म्हणून वाडी होती.

मी अंधेरीला राहायचे आणि एका ऑफिसात नकाशे ट्रेस करायचे. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. दिवसभर पट्टी धरून रेघा मारणाऱ्या माणसाला वाकडं काही खपत नाही, आणि आत्याचं कुंपण इतकं वाकडं की बघूनच माझं डोकं उठायचं.

ते एक म्हातारा घालायचा. दर दिवाळीनंतर यायचा, पांगाऱ्याचे दांडे रोवायचा, मधे बोरीच्या फांद्या काटे बाहेर करून दाबायचा आणि काथ्याने आवळायचा. कुंपणाला तो वई म्हणायचा. दोरी नाही, मोजमाप नाही. बांधावरून अनवाणी चालत जायचा आणि बांध वळला की वई वळवायचा. विहिरीपाशी बांधाला चांगलं पोट आलेलं, तिथे वईही बाहेर झुकून विहिरीला आत घ्यायची. एकदा मी म्हटलं, "बाबा, जरा सरळ घाला की."

"बाय, वई माझी नाय. बांधाची हाय," तो म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनात म्हटलं.

पुढच्या पावसाळ्यात जवळच्या एका तबेल्याच्या म्हशी वई मोडून आत घुसल्या आणि पालकाची वाट लागली. मला तेवढंच निमित्त हवं होतं. कुर्ल्याहून मी काटेरी तारेची कुंपणं घालणारा एक तारवाला आणला. त्याने दोन कोपऱ्यांत सिमेंटचे खांब उभे केले आणि मधे दोरी ताणली. दोरी विहिरीच्या अलीकडून गेली.

"मॅडम, हे पोट सोडून द्या ना," तो म्हणाला. "वळणावर तारेच्या ताणाने खांब कलतो. सीधी लाइन मारली की काम झकास. विहिरीला जायला फाटक देतो."

आत्या म्हणाली, "अगं, पण विहीर बाहेर जातेय."

"बाहेर म्हणजे कुठे जातेय? कोणी उचलून नेणार आहे का?" मी हसून म्हटलं.

तिने पदर खोचला. "तू शिकलेली. तुला कळतं," म्हणाली आणि खुरपं घेऊन वाफ्यात गेली.

दोरीखाली जमीन खोलगट होती. तारवाल्याच्या माणसांनी बांध फोडला आणि ती माती खांबांच्या बुडाशी पसरली. संध्याकाळपर्यंत बांध सपाट झाला. मी एक डोळा मिटून तारेची रेघ पाहिली. रेघ अगदी चोख होती, आणि मला माझाच अभिमान वाटला.

महिन्याभरात पलीकडच्या खाऱ्या खाजण जमिनीत आखणीचे चुन्याचे ठिपके दिसायला लागले. ती कोणी घेतली ते कधी कळलं नाही. दर रविवारी मी जायचे तेव्हा मातीच्या भरणीचा ढीग थोडा जवळ आलेला असायचा. एका रविवारी छत्री घेतलेला एक माणूस विहिरीभोवती पावलं मोजत फिरत होता. मी फाटकापाशी गेले, तर तो हसला आणि मोजत राहिला. आत्या पोहरा-दोर विहिरीवर ठेवायची, तो ती घरात आणायला लागली. मला भीती वाटत होती, पण मी ती बोलून दाखवली नाही.

मग एका रविवारी आमच्याच खांबांना पलीकडून दुसरी तार बांधलेली दिसली. फाटकही तारेने आवळून टाकलेलं.

"कुंपण तुमचंच ना? मग हद्दही तुमची इथपर्यंतच," तिथला राखणदार म्हणाला.

मी जुने कागद घेऊन कचेरीत गेले. कारकुनाने वाचलं. पश्चिमेची हद्द म्हणून एकच शब्द होता: बांध.

"बांध कुठे आहे?" त्याने विचारलं.

मोजणीचा अर्ज केला. मोजणीवाला यायच्या आधी लॉऱ्या आल्या. दोन दिवस विहिरीत विटांचे तुकडे आणि माती पडत होती. आत्या घरात बसून ऐकत होती. त्यानंतर तिने शेजारचं मचूळ पाणी घातलं, तर पालकाची पानं कडेने करपली.

दिवाळी झाल्यावर तिने म्हाताऱ्याला बोलावणं धाडलं. उरलेल्या तीन बाजूंना तरी वई घालू, म्हणाली. तो आला, सवयीने बांधावरून चालत निघाला आणि विहिरीच्या बाजूला, तारेपाशी येऊन थांबला. पायाने माती चाचपली. मग वळून आत्याला विचारलं, "बाय, बांध कोणी मोडला?"

मी चहा घेऊन तिथेच उभी होते. आत्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मीच मोडायला सांगितला," ती म्हणाली. "मला सरळ हवं होतं."

मी म्हाताऱ्याच्या हातात चहा दिला आणि आत निघून गेले.